इपियाकची पायवाट

"बोल पोरा, तुला काय दिसलं?" इपियाक आजीनं काढ्याचं वाडगं युपांकीपुढं केलं.

बाहेर अजून झुंजुमुंजूही झालं नव्हतं. चुलीभोवती लढाईत पेरलेले सुरुंग काढणारे सैनिक पेंगत बसले होते, निम्मे एक्वादोरचे, निम्मे पेरूचे. उजाडण्याआधी वायुसाच्या पानांचा काढा प्यायचा, रात्रीचं स्वप्न सांगायचं, आणि ज्याचं स्वप्न वाईट त्यानं त्या दिवशी रानात पाऊल टाकायचं नाही, ही इथल्या शुआर आदिवासींची, आजीच्या लोकांची रीत. सरहद्दीवरच्या या कोन्दोरच्या डोंगरात आलेल्या पाहुण्यालाही ती सुटत नाही.

दोन्ही देशांचा तह झाला, सह्या झाल्या, राजधान्यांत टाळ्या वाजल्या. सुरुंगांना मात्र ते कुणी कळवलं नाही. पलीकडं पेरूत आजीच्या बहिणीचं गाव होतं, आणि तिकडं जाणारी पायवाट अजून सुरुंगांच्याच ताब्यात होती. आता हाकेच्या अंतराएवढा शेवटचा तुकडा उरला होता. बहीण, नान्तार, अंथरुणाला खिळलेली. "यायचं तर लवकर ये," असा तिचा निरोप कालच वायरलेसवर आला होता. आजीचा जीव नुसता तुटत होता.

तो शेवटचा तुकडा पेरूच्या युपांकीच्या वाट्याला आला होता. निम्मा त्यानंच मोकळा केलेला; एकाच्या कामात मध्येच दुसऱ्यानं हात घालायचा नाही, असा पथकाचा दंडक.

"आईच्या दारात उभा होतो," युपांकी म्हणाला. "तिनं दार उघडलं. मला विचारते, कोण हवंय आपल्याला?"

स्वप्नाचा अर्थ लावायचा मान आजीचा. मनात आणलं असतं तर तिनं गोड अर्थ लावला असता. सगळा जन्म स्वप्नांचे अर्थ लावण्यातच गेला होता. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग वाकून युपांकीचे बूट ओढून घेतले आणि त्यांच्यावरच बसली.

"आज काम नाही."

"अहो आजी!" एक्वादोरचा सार्जंट आरोयो उसळला. "स्वप्नांवर दोन देशांचं काम चालत नसतं."

"तुमच्या देशांचं मला सांगू नकोस. पेरायला वेगवेगळे आलात, काढायला एकत्र आलात, एवढी अक्कल आजच्याला पुरे."

"पण बहीण तुमचीच ना? उद्यापर्यंत राहिली नाही म्हणजे?"

"नाही राहिली तर नाही." आजी बुटांवरून हलली नाही. "या पोराच्या जिवावर पाय देऊन तिच्या दारात गेले, तर तीही मला विचारेल, कोण हवंय म्हणून."

सार्जंटनं वाडगं उचललं आणि मुकाट्यानं काढा पिऊ लागला.

उजाडलं तशी दरी धुक्यानं भरून गेली. आजी कड्यावर जाऊन बसली. युपांकीही अनवाणीच तिच्या शेजारी येऊन टेकला.

"लांबचं दिसत नाही रे मला आता," ती म्हणाली. "समोर बघ जरा. नान्तारच्या चुलीचा धूर दिसतोय का?"

समोर सगळं पांढरं होतं. धुकं कुठलं आणि धूर कुठला, त्याला काही कळेना.

"दिसतोय, आजी," तो म्हणाला. "चांगला वर चढलाय."