खाडा

आठवड्यातून तीनदा यायला सांगितलेला पेशंट याही खेपेला दहा दिवसांनी उगवला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंचा पारा चढला. अपघातात त्याचा उजवा खांदा निखळला होता आणि गाडी चालवून त्याला आणायचं काम बायकोकडे होतं.

"काकू, असे खाडे केले की सांधा पुन्हा आखडतो. किती वेळा सांगायचं?"

"घरातलं आवरता आवरता राहूनच जातं," बायको पुटपुटली.

"तुम्हीच सांगा हिला, मॅडम. माझं ऐकते कुठे!" नवरा हसला.

"बरं, हात वर घ्या. अजून. आणखी थोडा."

दातओठ खात त्याने जोर लावला आणि हात पहिल्यांदाच डोक्याच्या वर गेला. त्याबरोबर शेजारी उभ्या असलेल्या बायकोने झटकन मान खाली घातली आणि कोपर तोंडासमोर धरलं.

नवऱ्याचं तिकडे लक्षही नव्हतं. "आता रोज येतो, मॅडम," तो खुशीत म्हणाला. "हात अगदी पहिल्यासारखा व्हायला हवा."

बाई क्षणभर त्याच्या बायकोकडे बघत राहिल्या.

"रोज नको. खांद्याला विश्रांती हवी," त्या म्हणाल्या. "काकू, सावकाश आणा यांना. पुढच्या महिन्यात."