गिऱ्हाइकाची जीप

वणीतल्या घनश्यामभाऊंच्या गॅरेजात त्यांची मुलगी अर्पिता लहानपणी एकेक पाना ओळखायला शिकली होती. आता ती पुण्याला नोकरीत होती आणि रोज संध्याकाळी फोन करायची. जेवण, गोळ्या, तब्येत हे सगळं दोन मिनिटांत संपायचं. गाडीचा विषय निघाला, तर मात्र अर्धा तास कसा जाई ते कळत नसे.

“आज कोणती गाडी आली बाबा?”

“जुनी जीप हाय, उमरखेडची. गिअर अडकून राह्यला. सांग बरं, आधी कोणतं बूच खोलाचं?”

“वरचं, तेल भराचं. तेच जाम निघालं, तर खालून तेल काढून बसाचं काय?”

“शाब्बास! भुलली नाहीस.”

“तेल कसं निघालं?”

“काळंकुट्ट. लोखंडाचा चुराबी हाय त्यात.”

“मंग दात गेले बाबा. गिअरबॉक्सच बदलावा लागन.”

“उद्या उतरवतो.”

“आतला एकेक दात पाहून सांगजा मले. उद्या लवकरच फोन करते.”

घनश्यामभाऊंनी फोन खिशात ठेवला. समोरच्या ट्रेमधलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. त्यांनीच ते गेल्या आठवड्यात भरलं होतं. महिनाभरात गॅरेजात एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. ट्रे बाजूला सारून ते आपल्याच धडधाकट जीपखाली उताणे शिरले आणि त्यांनी गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट सैल केला.