शुद्ध बोलणं

वनमालानं हेडफोन लावला. पदवीनंतरची तिची ही पहिलीच नोकरी, पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॉल सेंटरमधली. महिनाभर ट्रेनिंग देणाऱ्या शर्वरी मॅडमनी तिची किनवटकडची बोली घासून काढली होती. "ते यायलाव, जायलाव इथं चालणार नाही. आणि पेशंटशी ओळखपाळख अजिबात काढायची नाही." आज परीक्षा होती. तिचा प्रत्येक शब्द मॅडम शेजारी बसून ऐकणार होत्या. नापास झाली तर नोकरी जाणार होती.

यादीतलं पहिलंच नाव वाचून ती दचकली. तोटावार गुरुजी! दहावीनंतर तिचं लग्न ठरलं, तेव्हा घरच्यांशी भांडून तिला कॉलेजात घालणारे.

"नमस्कार सर. आपल्या पत्नीचं हृदयाचं ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं आहे."

"दोन महिने? ती तेवढे दिवस काढायची नाही हो." मग गुरुजी थबकले. "वने, तू बोलायलीस का? डॉक्टरला सांग की गं, बाई."

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"नाही सर. आपला गैरसमज होतोय."

"माफ करा मॅडम," गुरुजी ओशाळले. "आमची एक पोरगी पुण्यात नोकरीला लागली आहे. तिच्यासारखाच आवाज वाटला."

फोन बंद झाला. मॅडमनी तिची पाठ थोपटली. "शाब्बास! आज तुझ्या बोलण्यात गाव कुठंच ऐकू आलं नाही."

वनमालानं शिकवल्याप्रमाणे हसून आभार मानले आणि पुढचा नंबर लावला.