मॅडम शोभेल असं नाव

“नाव असं हवं, की पुढे ‘मॅडम’ जोडताच अख्खं कोकण भवन उठून उभं राहिलं पाहिजे!” तिथल्याच सरकारी कचेरीत टंकलेखक असलेल्या मुकुंदाने इस्पितळाच्या बाकावरून जाहीर केलं. त्याला शिपाईही ‘अरे’ म्हणायचा. काचेपलीकडे त्याची दोन दिवसांची लेक होती. तिला जन्मल्यापासून शी झाली नव्हती. दुपारपर्यंत झाली नाही तर पोट उघडायचं, असं डॉक्टर सांगून गेले होते. “शलाका मॅडम. मेधा मॅडम,” मुकुंद रजेच्या अर्जामागे लिहून वाचत होता. “जुई नको, जुईला कोण घाबरणार?” “बारशाआधी नाव घेऊ नये, जावईबापू,” सासूबाई पुटपुटल्या. “घेऊ द्या, आई. गप्प बसलो की डॉक्टरच ऐकू येतात.” बारा वाजता दार उघडलं. मुकुंदाने अर्जाची घडी घातली. नर्स हसत होती. “झाली एकदाची! अहो बाबा, एक कोरडा लंगोट द्या बघू.”