हन्नाबींची जागा

काचेवरचं ते चित्र काढल्याशिवाय गाडी पास करता येणार नाही, असं इन्स्पेक्टरने शांतपणे सांगितलं आणि जोशुआच्या तोंडचं पाणी पळालं.

जपानहून मागवलेला तो इवलासा ट्रक ट्रेलरवर चढवून इंग्लंडमधल्या स्लाऊच्या वाहन तपासणी केंद्रात आणायची त्याची ही तिसरी खेप. पहिल्यांदा मागे धुक्यात लावायचा दिवा नव्हता. दुसऱ्यांदा स्पीडोमीटर मैलांऐवजी किलोमीटर दाखवत होता. ही शेतावरची गाडी नाही, रस्त्यावरचीच आहे, असं जोशुआने दोन्ही वेळा घसा कोरडा होईपर्यंत पटवून सांगितलं होतं. इन्स्पेक्टरने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि गाडी नापास केली.

आज दिवा होता, मैल होते, ब्रेकही कसे चोख लागत होते. आणि नेमकं आज सकाळी आईने ड्रायव्हरसमोरच्या काचेवर, अगदी नजरेच्या रेषेत, एलियाहू हन्नाबींचं स्टिकर लावलं होतं. अग्नीच्या रथात बसून स्वर्गाला निघालेले प्रेषित हन्नाबी, बेने इस्राएल ज्यूंच्या घराघरांत भिंतीवर असतात तेच. सगळं मुसळ केरात.

"आई, काढ ते. प्लीज."

"काम अडलंय म्हणून तर त्यांच्यावर सोपवलं," हॅनाह मराठीत म्हणाली, इन्स्पेक्टरला कळू नये म्हणून. "पास झालं की त्यांना मलिदा करीन म्हणून नवस बोललेय मी. आणि तू त्यांनाच खाली उतरवतोस?"

"ड्रायव्हरला रस्ता दिसला पाहिजे ना, आई. रूल आहे."

"त्यांना दिसतो सगळा."

जोशुआने कपाळाला हात लावला. मग इन्स्पेक्टरकडे वळून तो पुन्हा सुरू झाला. या गाड्या जपानच्या गल्ल्यांसाठीच बनतात, आमच्या गल्ल्या काय वेगळ्या आहेत, तुमच्या त्या मोठ्या व्हॅन...

"मलाही आवडतात या गाड्या," इन्स्पेक्टर म्हणाला. "पण माझ्या आवडीला नंबरप्लेट मिळत नाही."

हॅनाह वॉकरला धरून उभी राहिली. आता ती इंग्रजीत बोलली, एकेक शब्द जपून.

"दर शुक्रवारी मी नारळाच्या दुधातली मच्छी करते. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना नेऊन द्यायची, हे माझं काम. कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मोटारीत मला खाली बसता येत नाही आणि व्हॅनमध्ये वर चढता येत नाही. ही सीट बरोबर माझ्या कमरेला लागते. कुणी उचलावं लागत नाही." ती थांबली. "डबे हा पोचवतो. मी नाही पोचत. ज्युडिथ दारात येऊन विचारते, हॅनाह कुठंय?"

जोशुआने मान खाली घातली. ज्युडिथ आंटी दर शुक्रवारी विचारायची, आणि तो घरी येऊन कधी सांगायचा नाही. आईला ते आधीपासून ठाऊक होतं, हे त्याला आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं.

इन्स्पेक्टरची जेवणाची वेळ झाली होती, पण तो हलला नाही. शेवटी जोशुआने नखाने स्टिकरचा कोपरा खरवडायला घेतला, तेव्हा हॅनाहने त्याच्या हातावर चापट मारली.

"असं नाही काढत. सरक."

तिने चित्राला बोटं लावली, ओठांना टेकवली आणि हळूहळू स्वतःच ते सोडवलं. एका घोड्याचं शेपूट काचेवरच राहिलं. ते इन्स्पेक्टरने आपल्या फडक्याने पुसलं, तेही दोनदा, आणि मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसून रस्ता दिसतो का ते बघू लागला.

चित्र तळहातावर घेऊन हॅनाह वॉकरसकट ट्रकला वळसा घालून मागे गेली. तिथे नंबरप्लेटची रिकामी चौकट होती. तिने बाहीने धूळ पुसली, बरोबर मधोमध रथ चिकटवला आणि अंगठ्याने चारी कोपरे दाबले.

दोघेही तिच्या मागे येऊन उभे राहिले. जोशुआ काही बोलायच्या आत इन्स्पेक्टरने खिशातून पेन काढलं आणि गाडी पास केली.

"नंबर आला की यांना मात्र तिथून हलवावं लागेल," तो म्हणाला.

"उठतील की," हॅनाह म्हणाली. "नंबरासाठीच तर जागा धरून बसलेत."