उजेडाचा गजर

घड्याळ भिंतीवर आपटून फुटलं. वाटेत बायकोची भुवई होती.

"सकाळी सकाळी कानाशी कोकलतं," मेकॅनिक म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

आवाजाने सासू दारात आली. तिने रक्त पाहिलं, काचा पाहिल्या, मुलाकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "त्याची झोप हलकी आहे हे माहीत असून गजर लावतेस? आधी काचा भर. चिमणीच्या पायात जातील."

सुनेने पदर भुवईवर दाबून काचा भरल्या. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही.

मेकॅनिकचं गॅरेज घराच्या पुढ्यातच होतं. गाडीखाली झोपूनही त्याची एक नजर दारावर असायची. लेकीला, चिमणीला, शाळेत तोच सोडायचा. बायकोला शिवणाच्या कारखान्यात तोच पोचवायचा आणि सुटायच्या वेळी फाटकाशी हजर. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई! किती जपतो!" ती मान हलवून हसायची.

सासू बोलायची कमी, आणि बोलली की टोचायची. तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे. का, ते तिने कधी सांगितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, म्हणून नात्यात तिला सगळे 'दगड' म्हणत.

चारआठ दिवसांत सासूनेच बाजारातून एक दिवा आणला. बसका, दुधी काचेचा.

"वेळ लावून ठेवायची," ती म्हणाली. "त्याच्या आधीपासून हा हळूहळू उजळत जातो. आवाज नाही, दणका नाही. आपोआप जाग येते."

"आणि माझी झोप मोडली म्हणजे?" मेकॅनिकने विचारलं.

"तू तोंडावर टॉवेल घेऊन झोपतोस. हिच्या बाजूला खाली जमिनीवर ठेवते, तुला कळायचंही नाही."

मेकॅनिक खूश झाला. बायकोला म्हणाला, "बघ, शिक काहीतरी. आईला काळजी आहे माझी."

सुनेला वाटलं होतं, दिव्यावर भागेल. पण सासू हात धुऊन मागे लागली. पहाटे दिवा उजळू लागला की ती दारात येऊन उभी राहायची. नजर मुलावर. तो हलला की सुनेची खैर नसे.

"आधी पाय खाली, मग अंग. पलंग कुरकुरला आज."

"बांगड्या काढून झोपत जा."

"आणि चिमणीलाही सांग, उठल्या उठल्या हाका मारायच्या नाहीत. माझ्या लेकाला झोप मिळाली पाहिजे."

मागचं दार करकरतं म्हणून तिने बिजागऱ्यांना तेल घातलं. सुनेचा फोन पहाटे वाजतो म्हणून तो स्वतःच्या उशाशी ठेवला. सुनेचा भाऊ लांबच्या गावी असायचा, त्याचा तेवढा एक धागा उरला होता.

"आई, भावाचा फोन आला होता का?" तिने एकदा धीर करून विचारलं.

"आला होता. मीच बोलले. म्हटलं, घरी यायचं नाही आणि फोनही करायचा नाही."

त्या रात्री सुनेने उशीत तोंड खुपसलं. रडण्याचाही आवाज होऊन चालणार नव्हतं.

पूर्वी गजराने ती दचकून उठायची आणि कामाला लागायची. आता तसंही नव्हतं. उजेड पापण्यांतून थोडा थोडा झिरपायचा, आणि आपण कुठे आहोत, शेजारी कोण आहे, हे तितक्याच सावकाश आठवत जायचं.

मग एका दुपारी चिमणी गॅरेजात गेली आणि तिच्या धक्क्याने स्क्रूंचा डबा सांडला. आवाज घरापर्यंत आला. त्यानंतर दुसरा आवाज आला. चिमणी घरात आली तेव्हा तिचा गाल सुजला होता आणि ती रडत नव्हती. आठ वर्षांची पोर, पण आवाज करायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

सून लेकीकडे धावली. सासू जागची हलली नाही. नुसती बघत राहिली. दगडच, सुनेच्या मनात आलं.

रात्री जेवणं आवरल्यावर सासू म्हणाली, "दिवा आज लवकरचा लावलाय."

"का?"

"पाणी लवकर येणार आहे. आणि चिमणी माझ्याजवळ झोपेल. तू कण्हतेस, तिची झोप मोडते."

पहाटे सुनेच्या पापण्या आधी तांबूस झाल्या, मग पिवळ्या. तिने डोळे उघडले. नवऱ्याचा हात तिच्या मनगटावर पडला होता. ती श्वास धरून तो हात सोडवू लागली. एकेक बोट. शेवटी ती खाली उतरली. पलंग कुरकुरला नाही.

पण रिकाम्या गादीवर त्याचा हात हलला. टॉवेलाखालून तो काहीतरी पुटपुटला.

दारात सासू उभी होती. तिच्यामागे चिमणी, कपडे घातलेली, बूट हातात. खांद्याला पिशवी.

सासू अनवाणी आत आली आणि सुनेच्या कानाला लागली. "मागच्या दाराने जा. तुझा भाऊ कोपऱ्यावर गाडी घेऊन थांबलाय. तुझा फोन पिशवीत आहे. पोरीला घे आणि मागे बघू नकोस."

"आणि तुम्ही?"

सासू पलंगावर टेकली, आधी अंग, मग पाय, आणि सुनेच्या जागी आडवी झाली. चादर डोक्यावरून ओढून घेतली. चाचपडत आलेला तिच्या मुलाचा हात तिच्या मनगटावर घट्ट मिटला.