साधीच खुर्ची

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दुकानातली खुर्ची विकायचा करार करून सलूनवाला ऐनवेळी फिरला, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. त्याच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, “अशा खुर्च्या बाजारात ढिगाने मिळतात, असंच म्हणा. मग भरपाई देऊन सुटाल. न्यायाधीशांना ती खास वाटली, तर खुर्चीच द्यावी लागेल.” तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. “साधीच आहे, साहेब,” तो कसाबसा बोलला. व्यापाऱ्याच्या वकिलाने फोटो पुढे धरला. “मग खुर्चीच्या हातावर हे इवलेसे दात कोणाचे उमटलेत?” पहिल्यांदा केस कापताना घाबरलेली त्याची लेक तिथे चावली होती. वर्षभरात ती तापाने गेली. सौद्यानंतर खुर्ची पुसताना ते ठसे बोटांना लागले, तेव्हाच तो फिरला होता. “उंदराचे असतील,” तो म्हणाला. खुर्ची वाचली. पण दुकानाचं कुलूप उघडायला त्याचा हात धजेना.